आजोबांची फौज, बाबांची माती आणि तुझा अर्ज

प्रश्न असा आहे: बेळगाव तालुक्यातलं खेडं, वय १७, पीयूसी दुसरं वर्ष (म्हणजे बारावी), सायन्स. दहावीपर्यंत मराठी माध्यम. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले, बाबा उद्यमबागेत फौंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) मोल्डर, म्हणजे साचे करणारे, आई घरी शिलाई करते. आजोबांची इच्छा फौजेची. मामा म्हणतो पुण्याला ये. बाबांचं एकच म्हणणं, ‘काहीही कर, पण फौंड्रीत येऊ नकोस.’ आणि मुलगा विचारतो, ‘मला मशीनच्या भागांची चित्रं काढायला आवडतात. पण घरातलं काहीच न करता तिसरंच काही केलं तर मी त्यांचा कसा राहणार? आणि फॉर्म भरताना आम्ही नक्की कुठले, कर्नाटकचे की महाराष्ट्राचे?’

बाळा, तुझ्या प्रश्नात दोन धागे एकमेकांत अडकलेत. एक, मला काय जमतं आणि कशात जीव रमतो. दुसरा, आम्ही कुठले. सीमाभागातल्या घरांत हे दोन्ही नेहमी एकाच श्वासात विचारले जातात आणि तिथेच घोळ होतो. पहिल्याचं उत्तर हाताने काम करून बघितल्याशिवाय मिळत नाही. दुसऱ्याचं उत्तर तुझ्या मनात आधीच आहे. फॉर्मपुरतं त्याचं उत्तर कागदांनी द्यायचं असतं. म्हणून दोन्ही वेगळे घेऊ.

सुरुवात घरापासून. जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये तरुणांच्या ओळखीच्या चार अवस्था मांडल्या. त्यांतली एक म्हणजे शोध न घेताच बांधून घेणं: घरच्यांनी ठरवलं, आपण होकार दिला, आपणहून काही तपासलंच नाही. आजोबांसाठी फौजेत जाणं त्यात मोडतं हे कुणालाही कळेल. पण बाबांनी नको म्हटलं म्हणून फौंड्री टाळणं हेही त्याच जातीचं आहे, हे पटकन ध्यानात येत नाही. घराच्या मागे जाणं आणि घराकडे पाठ फिरवणं, दोन्हींत निर्णय घरच घेत असतं. लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. साधारण नऊ ते तेरा या वयात मुलं समाजातल्या मानाप्रमाणे व्यवसायांवर काट मारून मोकळी होतात, तेही त्या कामाची काही माहिती नसताना. ‘फौंड्री म्हणजे काळे कपडे’ ही काट तू पाचवी-सहावीत मारली असण्याची शक्यता मोठी आहे. ती पुन्हा उघडून बघ. पुन्हा काट मारावीशी वाटली तर मार, पण या वेळी माहिती घेऊन.

एक शंभर पानी वही घे आणि तीन पिढ्यांची यादी कर: आजोबा, आजी, आईकडचे आजी-आजोबा, आई, बाबा, काका, आत्या, मामा, मावशी. प्रत्येकाच्या नावासमोर चार गोष्टी लिही. काय काम केलं. त्या कामात हाताला किंवा नजरेला काय येत होतं. ते काम का धरलं आणि सोडलं असेल तर का. आणि पैसा कसा यायचा: महिन्याचा पगार, आठवड्याची मजुरी, नगावर, पिकावर की पेन्शन. बहुतेक मुलं पहिलाच रकाना भरतात आणि थांबतात. खरी माहिती दुसऱ्या आणि चौथ्या रकान्यात असते.

दुसऱ्या रकान्यासाठी ‘तुमचं काम कसं होतं?’ असं विचारू नकोस. त्यावर ‘होतं बाबा, चाललं’ एवढंच उत्तर येतं. असं विचार: काम बिघडणार आहे हे तुम्हाला सगळ्यात आधी कशावरून कळायचं? नवा माणूस कुठली चूक हमखास करायचा? तुमच्या हातचं काम दुसऱ्याच्या कामातून कसं ओळखू येतं? या तीन प्रश्नांवर न बोलणारी माणसंही अर्धा तास बोलतात. एका बैठकीत एकाच माणसाशी बोल, आणि जमल्यास त्यांच्या हातात काही काम असताना.

आईला यादीत तळाला टाकू नकोस. सपाट कापडातून अंगावर बसणारा ब्लाउज बेतणं म्हणजे दोन मितींतून तिसरी मिती उभी करणं. शिलाईसाठी ती किती कापड जास्त सोडते, धुतल्यावर आटणाऱ्या सुती कापडाला आणखी किती सोडते, हे तिला विचार. पुढे फौंड्रीच्या पॅटर्नचा (ज्याभोवती माती दाबून साचा करतात त्या नमुन्याचा) हिशेब येईल तेव्हा तुला दिसेल की तो याच जातीचा आहे. भागांची चित्रं काढण्याचा तुझा ओढा बाबांइतकाच आईकडूनही आलेला असू शकतो. वारसा म्हटलं की आपण फक्त वडिलांची बाजू मोजतो, आणि निम्मं भांडवल हिशेबातूनच सुटतं.

चौथा रकाना, म्हणजे पैसा कसा यायचा, यातून सल्ल्याचं मूळ कळतं. आजोबांच्या घराला स्थैर्य दिलं ते पेन्शनने. त्यांच्या ‘फौजेत जा’ या वाक्यात देशसेवा आहे, मान आहे आणि ते पेन्शनही आहे. पण २०२२ पासून जवान म्हणून भरती होते ती अग्निवीर म्हणून. मुदत चार वर्षांची. त्यातून जास्तीत जास्त २५ टक्के पुढे नियमित सेवेत घेतले जातात. बाकीच्यांना सेवा निधीची एकरकमी रक्कम मिळते, पेन्शन नाही. म्हणजे आजोबा ज्या नोकरीचा सल्ला देताहेत ती नोकरी त्याच नावाने असली तरी तिचे करार बदललेत. हे त्यांना आदराने आणि कागद दाखवून सांग. त्यांचा सल्ला खोटा नव्हता, तो त्यांच्या काळच्या अटींवर उभा होता.

फौज मनात असेल तर तिथे जायची वाट एकच नाही हेही लक्षात घे. तू सायन्सला आहेस, म्हणजे तुझ्यापुढे किमान तीन दारं आहेत. अग्निवीर: आधी संगणकावरची लेखी परीक्षा, मग मैदान. १.६ किलोमीटर धावणं साडेपाच मिनिटांच्या आत केलं तर धावण्याचे पूर्ण ६० गुण, १० पुलअप्सना ४० गुण. दुसरं एनडीए, म्हणजे अधिकारी घडवणारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी: वय साडेसोळा ते साडेएकोणीस, परीक्षा वर्षातून दोनदा, गणित ३०० गुण, सामान्य क्षमता ६००, आणि पुढे एसएसबी मुलाखत ९०० गुणांची. नौदल आणि हवाई दलासाठी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं, ते तुझ्याकडे आहे. तिसरं, सैन्याची बारावीनंतरची टेक्निकल एंट्री: पीसीएममध्ये ६० टक्के आणि जेईई मेन दिलेली असणं आवश्यक. मशीनची ओढ आणि आजोबांची इच्छा एकत्र बसवायची असेल तर ही तिसरी वाट आधी वाच. आपल्या भागातल्या घरोघरी फौज म्हणजे फक्त भरतीचं मैदान एवढंच चित्र असतं, कारण रेजिमेंटचं केंद्र दारात आहे आणि आजवर गावातले बहुतेक जण त्याच दारातून गेले. सायन्सची मुलं एनडीएचा फॉर्मच भरत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शरीर साथ देतं का ते बारा आठवड्यांत कळतं. ४०० मीटरचे चार फेरे म्हणजे १.६ किलोमीटर. साडेपाच मिनिटांत बसायचं तर एक फेरा सरासरी ८२ सेकंदांत पडला पाहिजे. पहिल्या दिवशी घड्याळ लावून आकडा लिही. आठवड्यात चार दिवस पळ: दोन दिवस सावकाश चार-पाच किलोमीटर, एक दिवस ४०० मीटरचे सहा तुकडे मध्ये विश्रांती घेऊन, एक दिवस पूर्ण १.६ वेळ लावून. मुलं चुकतात ती रोज जीव तोडून पळण्यात. तिसऱ्या आठवड्यात नडगी दुखायला लागते आणि मग ‘मला जमत नाही’ असा निष्कर्ष निघतो. डांबरी रस्त्यापेक्षा मातीचं मैदान धर. आणि एक नोंद रोज कर: पळून आल्यावर मन कसं होतं. आकडा सुधारत असून मन दरवेळी नको म्हणत असेल तर तीही माहितीच आहे.

आता फौंड्री. बाबा नको म्हणतात त्यामागे उष्णता, धूळ, पाठदुखी आणि मजुरी आहे, आणि ते शंभर टक्के खरं आहे. पण ते ज्या जागी उभे राहून बोलतात ती या धंद्यातली एक जागा आहे. कास्टिंग (ओतीव भाग) तयार होताना पॅटर्न बनवणारा, डिझाइन करणारा, मातीची प्रयोगशाळा सांभाळणारा, धातूची रासायनिक तपासणी करणारा, मशीनिंगवाला, दर्जा तपासणारा, ग्राहकाच्या ड्रॉइंगवरून भाव काढणारा असे कितीतरी लोक असतात. बाबांच्या ‘फौंड्रीत येऊ नको’चा अर्थ ‘माझ्या जागेवर येऊ नको’ असा आहे का, हे त्यांना सरळ विचार.

आणि बाबांच्या हातात काय आहे ते समजून घे. मोल्डिंगची माती मुठीत दाबून, उघडून, ती ढेप मधोमध मोडून ते माती बरोबर आहे की नाही ते सांगतात. बोटांचे ठसे स्वच्छ उमटले, मोड सरळ आली, कडा ढासळल्या नाहीत, की माती जमली. त्या मातीत वाळूबरोबर बेंटोनाइट (चिकट माती), कोळशाची पूड आणि साधारण तीन ते चार टक्के पाणी असतं. पाणी जास्त झालं की ओतलेल्या धातूच्या उष्णतेने वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि कास्टिंगमध्ये ब्लोहोल (वायूची भोकं) येतात. पाणी कमी पडलं की साच्याच्या कडा सुटतात, वाळू धातूत मिसळते आणि मशीनवर टूल त्या कणावर आदळतं. प्रयोगशाळेत हेच काम ओलावा मोजणारं, दाबण्याची क्षमता मोजणारं आणि वायू किती आरपार जातो ते मोजणारं अशी तीन उपकरणं करतात. मूठ आणि उपकरण या दोन्हींची भाषा येणारा माणूस फौंड्रीला हवा असतो आणि तो सहज मिळत नाही. मोल्डरच्या घरात वाढलेल्या, ड्रॉइंग वाचता येणाऱ्या मुलाला तिथे पोचायला कमी अंतर चालावं लागतं. याला मी खरा वारसा म्हणेन. बाबांचीच नोकरी पुढे चालवणं हा त्याचा फक्त एक प्रकार झाला.

तुझा ओढा खरा आहे का हे तपासायला एक काम देते. एखाद्या पंपाचं किंवा बेअरिंगचं साधं ओतीव कवच मिळव, भंगारातलं चालेल. स्केल आणि व्हर्नियरने मापं घेऊन तीन बाजूंनी ड्रॉइंग काढ: समोरून, वरून, बाजूने. मग पॅटर्नची मापं काढ. समज, तयार भाग २०० मिलिमीटर लांब हवा आहे आणि दोन्ही टोकांना मशीनिंग होणार आहे. प्रत्येक टोकाला ३ मिलिमीटर सोडले तर कच्चं कास्टिंग २०६ झालं. करडं बीड (ग्रे कास्ट आयर्न) गोठताना आणि थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न सुमारे २०८ मिलिमीटर लागेल. शिवाय उभ्या भिंतींना एक-दोन अंशांचा उतार द्यायचा, नाहीतर पॅटर्न उचलताना साच्याची भिंत फाटते. आईने कापडाला सोडलेली पट्टी आठवते ना? हा कागद बाबांना दाखव आणि विचार, ‘रायझर (आकसणाऱ्या भागाला वितळलेला धातू पुरवणारा साच्यातला कप्पा) कुठे ठेवाल, का?’ त्यांनी पेन्सिल हातात घेऊन तुझी चूक दाखवली तर त्या संध्याकाळी तुला समुपदेशकाची गरज उरणार नाही. या कामात तीन तास कसे गेले ते कळलं नाही, तर तो संकेत धर. अर्ध्या तासात कंटाळा आला, तरीही हरकत नाही. चित्र काढण्याची आवड आणि यंत्राची आवड वेगवेगळ्या असतात, हे कळलं.

फौंड्री बघायला जायचंच असेल तर मालकाच्या परवानगीने, बंद बूट घालून, बाबांच्या सोबत आणि फक्त बघायला जा. अठरा पूर्ण होईपर्यंत भट्टीजवळचं काम करायचं नाही. कायदाही ते करू देत नाही आणि वितळलेल्या बिडाला ओल्या जमिनीचा स्पर्श झाला तर ते कसं उडतं ते बाबांना माहीत आहे.

या दिशेने शिकायचं तर वाटा मोजक्या आणि स्पष्ट आहेत. केसीईटी (कर्नाटकची सीईटी) देऊन मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शन बी.ई. बेळगावात व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचं) मुख्यालयच आहे, घरून जाऊन येऊन करता येतील अशी कॉलेजं आहेत. धातुशास्त्रच हवं असेल तर सुरतकलच्या एनआयटीत मेटॅलर्जी आहे. तिथे प्रवेश जेईई मेनवर होतो आणि बारावी कर्नाटकातून केल्यामुळे तुला आपल्याच राज्याच्या (होम स्टेट) जागांत धरलं जातं. मामाचं पुणं घ्यायचं तर तिथल्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजातही मेटॅलर्जी आहे, त्यासाठी महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी. हाताने टूल आणि डाय बनवायची आवड असेल तर बेळगावातल्या जीटीटीसीचा (सरकारी टूल रूम आणि प्रशिक्षण केंद्राचा) टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा बघ: तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष कारखान्यात. त्याला दहावीवर प्रवेश असतो, म्हणून पीयूसीनंतर तिकडे जाणं म्हणजे दोन वर्षं मागे जाणं असं घरात म्हणतील. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण नको असलेल्या बी.ई.त चार वर्षं घालवण्यापेक्षा तो तोटा लहान.

केसीईटीत एक हिशेब आपल्या मुलांना उशिरा कळतो. इंजिनिअरिंगच्या रँकमध्ये निम्मा वाटा सीईटीच्या १८० गुणांचा आणि निम्मा पीयूसीच्या पीसीएम गुणांचा असतो. एमएचटी-सीईटीत रँक सीईटीच्या गुणांवरच लागते, बारावी फक्त पात्रतेपुरती. बोर्डाच्या परीक्षेत तुझी तयारी चांगली असेल तर कर्नाटकची वाट तुला जास्त फायद्याची आहे. हा निर्णय गुणांचा आहे, निष्ठेचा नाही.

आता गुणांबद्दलच. मराठी माध्यमातून येऊन पीयूसीला सायन्स घेतलेल्या मुलांचे पहिल्या वर्षी मार्क घसरतात आणि ती स्वतःला ‘सायन्सला लायक नाही’ असं ठरवून टाकतात. बऱ्याचदा घसरलेली असते ती इंग्रजी. तपासणं सोपं आहे. फिजिक्सचं एक चुकलेलं गणित घे आणि ते लहान भावंडाला मराठीत समजावून सांग. सांगता आलं, तर अडचण भाषेची. मराठीतही अडलं, तर विषयाची. भाषेची असेल तर वहीत रोज दहा शब्द: मोमेंटम म्हणजे संवेग, ॲक्सिलरेशन म्हणजे त्वरण, इनर्शिया म्हणजे जडत्व, आणि प्रत्येकाचं एक इंग्रजी वाक्य स्वतः तयार करून. तीन महिन्यांत सुमारे नऊशे शब्द होतात. पीयूसीच्या पुस्तकाला तेवढे पुरतात. आवडनिवड मोजणाऱ्या ज्या चाचण्या मिळतात त्याही शक्यतो मराठीत सोडव. इंग्रजी प्रश्न अर्धवट समजून दिलेल्या उत्तरांवरून निघालेला ‘कल’ तुझा नसतो.

कन्नडबद्दल मी स्पष्ट बोलेन. आपल्याकडे कन्नड शिकणं काही घरांत हार मानल्यासारखं वाटतं. त्यामागे १ नोव्हेंबर १९५६ पासूनच्या, राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तेव्हापासूनच्या, पिढ्यांची सल आहे, आणि तिचा मान राखूनच सांगते: कन्नड न आल्याने नुकसान मुलाचंच होतं. कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या भरतीत कन्नडचा सक्तीचा पेपर असतो. खासगी नोकरीतही हुबळीचा पुरवठादार, कामगार खात्याचा अधिकारी आणि गोकाककडून आलेला हेल्पर यांच्याशी तुला बोलावंच लागणार. शाळेत तू कन्नड वाचायला शिकलास, अडतं ते बोलण्यात आणि अर्जात. रोज अर्धा तास दे. पहिला महिना फक्त अर्जांतले शब्द: हेसरु, तंदेय हेसरु, विळास, दिनांक, सही. शेतीच्या कागदाला ते पहाणी म्हणतात. उतारा हा शब्द तर दोन्हीकडे चालतो. दुसऱ्या महिन्यापासून रोज एका माणसाशी पाच मिनिटं फक्त कन्नडमध्ये. सहा महिन्यांत कचेरीतली भीती जाते. याने तुझी मराठी कमी होत नाही. मराठी कमी होते ती वाचन सुटल्याने, म्हणून गावातल्या वाचनालयाचा सभासद राहा आणि महिन्याला एक पुस्तक मराठीतलं वाच.

आता कागद, म्हणजे ‘आम्ही कुठले’ याचं फॉर्मपुरतं उत्तर. आनंदाची गोष्ट ही की तुला दोन्ही राज्यांत दार आहे. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तुझी अर्जाची तारीख त्या निकालासाठी थांबणार नाही, आणि थांबायची गरजही नाही.

कर्नाटकात: पहिली ते बारावीपैकी किमान सात वर्षं इथल्या मान्यताप्राप्त शाळेत आणि दहावी किंवा बारावी इथून उत्तीर्ण, हा सर्वसाधारण नियम तू सहज पूर्ण करतोस. त्यापुढचं महत्त्वाचं. पहिली ते दहावी सगळी दहा वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत गेली असतील तर ग्रामीण कोट्याचे १५ टक्के तुला लागू होतात, माध्यम मराठी असलं तरीही. कन्नड माध्यमाचा ५ टक्क्यांचा कोटा वेगळा आहे. तो मिळणार नाही म्हणून मुलं दोन्ही सोडून देतात, ही दरवर्षीची चूक. मात्र आठवीपासून बेळगाव शहरातल्या हायस्कुलात गेला असशील तर ग्रामीण कोटा गेला. सात वर्षं खेड्यात काढली म्हणून चालत नाही. दाखल्यावर मुख्याध्यापकांची सही आणि क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. जात-उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून घ्यायचा. त्यावरचा आरडी क्रमांक अर्जात भरावा लागतो. मराठा समाज कर्नाटकात ३ ब प्रवर्गात येतो.

महाराष्ट्रात: इंजिनिअरिंगच्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी ‘टाइप ई’ हा पात्रतेचा वेगळा प्रकार आहे. दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: तू वादग्रस्त सीमाभागातला आहेस आणि मातृभाषा मराठी आहे. दोन्हींचे नमुने माहितीपत्रकात असतात. ते जसेच्या तसे छापून त्यावरच दाखला घे. शाळेने आपल्या लेटरहेडवर वेगळ्या शब्दांत लिहून दिलेला दाखला पडताळणीत अडतो. नोकऱ्यांसाठी १० जुलै २००८ चा महाराष्ट्र शासनाचा निर्णय आहे: दावा सांगितलेल्या ८६५ गावांत १५ वर्षांचं वास्तव्य असल्याचा विहित दाखला असेल तर तिथल्या शासकीय भरतीला अर्ज करता येतो. तुझं गाव त्या यादीत कुठल्या स्पेलिंगने आहे ते आधी बघ. आणि कर्नाटकचा जातीचा दाखला महाराष्ट्राच्या आरक्षणाला आपोआप चालत नाही, हे गृहीत धरूनच तिथल्या जागांचा अंदाज बांध.

जाता जाता एक गोष्ट सांगते, कारण ती मुलांना माहीत नसते. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, गडहिंग्लज या महाराष्ट्रातल्या तालुक्यांतल्या कन्नड मुलांसाठी कर्नाटकाने अशीच ‘गडिनाडू कन्नडिग’ (सीमाभागातले कन्नडिग) म्हणून सोय ठेवली आहे. तुझ्यासारखाच प्रश्न पडलेला मुलगा जतमध्येही बसलेला आहे.

मामाच्या पुण्याचं थोडक्यात: जायचं तर कोर्ससाठी जा, ‘तिकडे आपली माणसं आहेत’ एवढ्यासाठी नको. खोली, मेस आणि प्रवास यांचा चार वर्षांचा आकडा मामाला विचारून लिहून घे आणि तो घरच्या आकड्याशेजारी ठेव.

घरी बोलायचं कसं? सगळे जेवायला बसलेत तेव्हा जाहीर करू नकोस. तिथे मोठ्यांना एकमेकांसमोर मागे सरता येत नाही. आधी आईशी, मग बाबांशी, शेवटी आजोबांशी, एकेकट्याने. हातात एकच कागद: कुठला कोर्स, खर्च किती, अर्जाची शेवटची तारीख, पहिली वाट हुकली तर दुसरी कुठली. आजोबांसमोर ‘मला फौज नको’ अशी सुरुवात करू नकोस. ‘आजोबा, फौजेत तुम्ही जे शिकलात ते मला लिहून घ्यायचंय’ इथून सुरुवात कर आणि खरंच लिहून घे. तीन-चार बैठका झाल्या की त्यांच्याच बोलण्यातून कळेल की त्यांना तू गणवेशात हवा आहेस की शिस्तीने उभा राहिलेला हवा आहेस. गणवेशातच हवा असेल, तर एनडीए आणि टेक्निकल एंट्रीचे कागद तेव्हा पुढे कर. आणि मनापासून नकोच असेल तर नको म्हण. पण वही भरल्यावर म्हण.

‘मी त्यांचा कसा राहणार’ याचं उत्तर नोकरीत शोधू नकोस. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथाला तू गावी येशील, आजोबांची गोष्ट तुझ्या वहीत असेल, घरात मराठी बोलशील, बाबांना माती कशी आहे विचारशील. सुरतकलला शिकणारा मुलगाही हे करतो आणि घरापासून चार गल्ल्यांवर नोकरी करणारा करत नाही, असंही होतं.

या आठवड्यात एक काम सगळ्यांच्या आधी कर, कारण त्याला सर्वांत जास्त वेळ लागतो. एसएसएलसीचं (दहावीचं) मार्कशीट, आधार, जन्मदाखला आणि बाबांचं आधार एका ओळीत मांड आणि चार गोष्टी अक्षर न् अक्षर ताडून बघ: तुझं नाव, आडनाव नावाच्या आधी की नंतर, बाबांच्या नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख. कन्नडमधून इंग्रजीत जाताना एखादं अक्षर वाढलेलं किंवा गळलेलं सापडतंच. जुन्या कागदांवर बेळगाव आणि २०१४ नंतरच्यांवर बेळगावी असणं ही चूक नाही, त्यासाठी धावपळ करू नकोस. बाकी सगळं एसएसएलसीच्या मार्कशीटप्रमाणे जुळवायचं असतं. चूक मार्कशीटमध्येच असेल तर दुरुस्तीचा अर्ज तुझ्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांमार्फत बोर्डाकडे जातो, म्हणून शाळेचं ऑफिस सुरू असेल अशा दिवशी, शाळेच्या मूळ नोंदवहीतल्या पानाची प्रत मागायची तयारी ठेवून जा.